आण्णांच्या कोऱ्या फ्लॉप्या

आण्णा, तुमच्या फ्लॉप्यांचे डबे काल फोडले. तुम्ही असता तर हे वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या बोटांवर फूटपट्टी बसली असती.

फौजेतून पेन्शनीवर आलात तेव्हा पुण्याहून हे डबे घेऊन रहिमतपूरला उतरलात. दादा कराडला इंजिनिअर होणार, मग कॉम्प्युटर घेऊ, म्हणालात. कॉम्प्युटर कधी आलाच नाही, पण खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांशेजारी त्या डब्यांना हळदकुंकू लागायचं. एका वर्षी पूजेनंतर मी एका डब्याचं प्लास्टिक नखाने जरासं सोललं. आत काय असतं एवढंच बघायचं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं तुम्ही मला अंगणात सगळ्यांदेखत मारलंत. "त्या दादाच्या हायत. तू सुईदोरा धर," म्हणालात. आई खाली पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या वेचत राहिली. त्या दिवसापासून तुम्ही मला आवडला नाहीत, आणि तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही.

दादाने बारावीतच गटांगळी खाल्ली. मी सुईदोरा धरला. आता सांगलीत माझं भरतकामाचं दुकान आहे. ब्लाऊजवर मोर काढणारं मशीन जुनं आहे, नक्षी फक्त फ्लॉपीवरूनच घेतं. माझ्या फ्लॉप्या वापरून वापरून एकेक करून गेल्या, नव्या कुठे मिळेनात. मशीन थांबलं तर दुकान बंद. दादाला सांगितलं तर तो तुमचे डबे पिशवीत घालून घेऊन आला. कोऱ्या असल्या तरी इतकी वर्षं नुसत्या ठेवून आतली चकती बुरसते, फार आशा धरू नकोस, असं त्यानेच बजावलं.

मी डबा हातात घेते. प्लास्टिकवर कुंकवाचा डाग तसाच आहे, माझ्या नखाची खूणही. आणि आण्णा, दुकान बुडायची वेळ आलेली असताना मी मनात म्हणते आहे, बुरसलेल्याच निघू देत. तुम्ही जन्मभर जपलेलं सगळं कुजलेलं निघू दे.

एकही खराब निघाली नाही. एकीत मोराची नक्षी भरून लावली, मशीनने पहिल्याच फटक्यात घेतली, मोर उतरला. दादाने मोरावरून हात फिरवला.

"बघ," तो म्हणाला, "आण्णांनी तुझ्यासाठीच ठिवल्या हुत्या म्हणायचं."

मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. मग एक फ्लॉपी घेतली, पत्र्याचं झाकण सरकवलं आणि आतल्या तपकिरी चकतीवर मशीनच्या तेलाचा अंगठा रगडला. हे तुम्हाला कळणार नाही, तेच बरं. ती फ्लॉपी टेबलावर पडून आहे. मशीनला लावून बघायचा धीर होत नाही. तीही चालली तर काय करू?