शोकार्डांचा चोर

मोहने, बुधवार

प्रिय सलिल,

तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. म्हणून लिहायला बसलोय. देवापुढं दिवा लावून झाला, वर्कशॉपला आज दांडी मारली आणि शीलाला सांगितलं की दोन तास मला कशाला हाक मारू नकोस. गावच्या शाळेत गुरुजींनी पत्राचा एकच नमुना शिकवला होता, त्यात पहिल्याच ओळीत इकडे सगळं क्षेम असायचं. इकडे क्षेम नाही. रविवारी मी विकीच्या समोर तुला पिशवी उघडायला लावली. तीस वर्षांची आपली मैत्री आता राहते की जाते, हे तुझ्या हातात आहे.

माफी मागणार आहेच. पण आधी माझ्या बाजूनं काय काय दिसत होतं, ते सगळं तुला सांगायचंय. नुसती माफी मागितली तर तू 'जाऊ दे रे' म्हणून मोकळा होशील आणि पुढच्या रविवारी काहीतरी कारण सांगून येणार नाहीस. तुला मी ओळखतो. म्हणजे ओळखतो असं वाटत होतं.

कल्याणच्या त्या थिएटरातला रविवारचा सकाळचा खेळ आठव. मी वीसही पुरा नव्हतो, गावाहून मामाकडे आलेला. इंग्रजी पाचवीपासून, तेही गुरुजी मराठीतूनच शिकवायचे. पडद्यावरचा एक शब्द कळत नव्हता. पण पहिल्यांदा तो घोडेस्वार पिवळ्या धुळीतून वर आला, तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले होते. घोडा, कमरेला शस्त्र, आणि सगळीकडे भंडाऱ्यासारखी धूळ. मला आमचा खंडोबाच वाटला तो. भाऊ तेव्हा तिथं ऑपरेटर. रीळ चढवलं की केबिनमधून बाहेर यायचे आणि बाल्कनीत शेवटच्या रांगेमागं उभं राहून आम्हा अडाण्यांना गोष्ट सांगायचे. तू तेव्हा डोंबिवलीचा, कॉलेजातला. मागे वळून त्यांना म्हणालास की तो माणूस असं बोललाच नाही. भाऊ म्हणाले होते, "तो काय बोलतो ते तू ऐक. तो काय करतो ते मी यांना सांगतो." त्या दिवशी खेळ सुटल्यावर तिघांनी मिळून चहा घेतला, तिथून हे सगळं सुरू झालं.

नटांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून भाऊंनी आपली नावं ठेवली. गावात शिरताना सगळं गाव आपल्याच मालकीचं असल्यासारखा चालायचा तो पाटील. डोळे बारीक करून तोंडातली काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा तो काडीवाला. आणि मला सगळ्यात आवडायचा तो गुरव, जो उभ्या सिनेमात टोपी काढायचा नाही, फक्त कुणाच्या मातीपुढं उभा राहिला की काढायचा. गोळ्यांचं मला कधीच काही वाटलं नाही. गोळी सुटण्याआधी ही माणसं जी गप्प उभी राहायची, ते मला बघायचं असायचं. अंगावर माशी बसली तरी हलायची नाहीत. तेवढी शांतता मी फक्त दुपारच्या देवळात पाहिलीय.

भाऊंचा दुसरा धडा तुलाही पाठ आहे. फितूर कोण ते ओळखायचं तर डोळे बघू नका, हात बघा. डोळे सगळ्यांचेच चांगले असतात. हा धडा मी सिनेमातच ठेवायला हवा होता.

गेल्या वर्षी भाऊंची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि त्यांचा मुलगा राकेश त्यांना घेऊन टिटवाळ्याला राहायला गेला. जाताना शोकार्डांची ती पत्र्याची ट्रंक त्यानंच माझ्या घरी आणून ठेवली. नव्या जागेत ठेवायला कोपरा नाही म्हणाला. थिएटरच्या काचेच्या कपाटात लागलेली ती सिनेमातल्या दृश्यांची कार्डं भाऊंनी खेळ उतरल्यावर एकेक करून जपलेली. बेचाळीस कार्डं, प्रत्येकाच्या पाठीवर त्यांच्या हातचा पेन्सिलीनं घातलेला नंबर. त्यानंतर मी भाऊंना भेटायला येतो म्हटलं की राकेश टाळायचा. ते कुणाला ओळखत नाहीत, माणसं आली की घाबरतात, डॉक्टर नको म्हणतात. मला वाटायचं, डोंबिवलीच्या पांढरपेशा घराला मोहन्याचा धोंडू फिटर आता दारात नको झालाय. बघ, संशय तिथून सुरू झाला. तुझ्यावर तो नंतर आला.

आपला महिन्यातला दुसरा रविवार मग माझ्याकडे भरू लागला. आपला तिसरा गडी विकी सिनेमा आणायचा आणि त्याला जुळणारं शोकार्ड ट्रंकेतून काढून टीव्हीसमोर उभं करायचा मान तुझा. श्रावणात मी ट्रंक पुसायला काढली तर सतरा नंबर नव्हता. घरभर शोधलं. पुढच्या रविवारी तू येऊन गेलास आणि सतरा नंबर परत आला, पण सदतीसच्या मागं, आणि पाच नंबर गेला. मी कुणालाच काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात पाच आला, अकरा गेला. तुझ्या त्या चपट्या कापडी पिशवीत कार्ड बरोबर मावतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मनात आलं, तू नकला काढून अस्सल कार्डं शौकिनांना देत असशील. वर्कशॉपमधलं भिंग घरी आणून मी परत आलेली कार्डं तपासली. अस्सल होती. पण पाठीला हळदीचं बोट लागलेलं आणि कार्डाला डोकेदुखीच्या बामचा वास. म्हणजे कुणी गिऱ्हाईक होतं, जेवता जेवता कार्डं चाळून परत करणारं, आणि भाव जमला की एक दिवस सगळी ट्रंक उचलणारं. असा सगळा सिनेमा मी रचला. एका रविवारी खेळाचं कार्ड मीच काढून दिलं आणि ट्रंकेच्या कडीत काळा दोरा अडकवून ठेवला. तू गेल्यावर तो तुटलेला दिसला. दोरा तुटला म्हणून मला आनंद झाला, सलिल. त्या आनंदाची आता लाज वाटते.

मग शीलानं तुला टिटवाळ्याला पाहिलं. ती मंगळवारी गणपतीला गेलेली. तू रिक्षातून देवळाच्या उलट्या दिशेला चाललेलास, मांडीवर ती पिशवी. आता ठाण्यात बाळकुमला राहणारा माणूस, देवाला कधी हात न जोडणारा, मंगळवारी टिटवाळ्यात काय करतो? मी तुला सहज विचारल्यासारखं विचारलं, तू म्हणालास की दिवसभर ठाण्यात ऑफिसातच होतो. हे तू विसरला असशील. मी विसरलो नाही. तू बोलताना मी तुझे हात बघत होतो. तू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होतास.

रविवारचं तुला सांगायला नको. मी म्हणालो, "सलिल, पिशवी उघड." विकी हसला, त्याला वाटलं आपला काही खेळ चाललाय. आत एकतीस नंबर होता, घोड्यावरून उतरताना हसणारा पाटील. तू नुसतं म्हणालास, "पुढच्या वेळेला परत ठेवणार होतो." कार्ड टीव्हीसमोर नीट उभं केलंस आणि बुटाच्या नाड्या न बांधताच निघालास. निर्दोष माणूस भांडतो, शपथा घेतो, असं मला वाटत होतं, म्हणून तुझं गप्प राहणं मी पुरावा धरलं. आयुष्यभर जे सिनेमे पाहिले, त्यात निर्दोष माणूसच गप्प राहतो. तेवढंही त्या वेळी सुचलं नाही.

यापुढचं तुला माहीत नाही. काल मी टिटवाळ्याला गेलो. स्कूटरवर जाताना मनात एवढंच होतं की राकेशला कार्डांचं आपणच आधी सांगावं, उद्या बोट माझ्याकडे वळायला नको. गणपतीचं दर्शन घेतलं, पेढे घेतले आणि पत्ता विचारत त्यांच्याकडे गेलो. राकेश कामावर गेलेला. त्याच्या बायकोनं, निशानं, दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा उतरला. आत बघून मोठ्यानं म्हणाली की देवळातून प्रसाद आलाय. माझं नाव का लपवलं हिनं, असा मला लगेच संशय. आत भाऊ खिडकीशी बसलेले. किती बारीक झालेत रे. समोर वरणभाताची ताटली, बोटं पिवळी, कपाळाला बाम चोपडलेला. तो वास आला आणि मी दारातच थांबलो. ज्या गिऱ्हाईकाला मी चार महिने शोधत होतो, ते हे होतं.

त्यांनी मला बसायला सांगितलं. पेढा घेतला, कपाळाला लावून तोंडात टाकला. मग माझ्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "जाताना दार ओढून घ्या. मोहन्याचा धोंडू येईल. माझी पेटी नेलीय त्यानं."

माझी मान आपोआप हलली असावी, कारण त्यांना धीर आला. माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "घाबरू नका. आपला सलिल आहे. एकेक करून सोडवून आणतोय."

बाकीचं मला निशानं स्वयंपाकघरात सांगितलं. इथं आल्यापासून त्यांनी पेटीचा ध्यास घेतला होता. ती माझ्याकडे आहे हे राकेशनं एकदा सांगितलं, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. मुलाला ओळखत नाहीत, पण माझं नाव तेवढं राहिलंय, तेही चोर म्हणून. आधी तू माझी बाजू घ्यायला गेलास, तेव्हा तुझ्या अंगावर पाण्याचा पेला फेकला त्यांनी. मग तू बाजू बदललीस. दुसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून जातोस, एक कार्ड हातात ठेवतोस आणि ते कसं सोडवून आणलं ते सांगतोस. पंधरा मिनिटं भाऊ पहिल्यासारखे बोलतात. पाटील, काडीवाला, गुरव, सगळी नावं बरोबर घेतात. त्या दिवशी पोटभर जेवतात. कालचा मंगळवारही तुझाच होता, पण माझ्यामुळं तुझ्या हातात कार्ड नव्हतं. संध्याकाळपर्यंत विसरतात आणि कार्ड परत माझ्या ट्रंकेत येतं, मला चुकल्याचुकल्यासारखं वाटू नये म्हणून. मागच्या महिन्यात म्हणे तू उल्हास नदी घोड्यावरून पार केलीस. तू, ज्याला माझ्या स्कूटरवर मागं बसायची भीती वाटते. निशा हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. मला का सांगितलं नाहीस हे मी विचारलं. ती म्हणाली की तू सगळ्यांना शपथ घातली होतीस, धोंडूला हे कळू द्यायचं नाही, भाऊ त्याला बापाच्या जागी आहेत.

खोटं लिहीत नाही, येताना नदीच्या पुलाआधी स्कूटर बाजूला घेतली तेव्हा एक क्षण असंही मनात आलं की मला चोर करून गोष्ट रंगवताना तुला मजा येत असेल. बघ, अजूनही. मग दुसरा विचार आला आणि तो काही केल्या जात नाही. भाऊंची आठवण गेलीय, म्हणून ते माणसाला चोर म्हणतात. माझी तर शाबूत होती. तीस वर्षं डोक्यात असताना मी तुला चोर ठरवलं. वरून म्हणायला मी रोज देवापुढं बसणारा. आमच्या गावच्या देवळात खंडोबाशेजारी एक लहानशी मूर्ती आहे, त्यानं मारलेल्या दैत्याची. मरताना त्यानं माफी मागितली, देवानं त्याला आपल्यापाशी जागा दिली, आणि लोक त्यालाही हळदीचं बोट लावून जातात. लहानपणी मला हे पटायचं नाही. काल पुलाआधी उभा असताना पटलं.

आता पत्र कशासाठी लिहिलं, ते सांगतो. एकेक कार्ड नेऊन गोष्ट संपायची नाही, आणि भाऊंकडे किती मंगळवार उरलेत ते आपल्याला माहीत नाही. निशानं पलंगाखाली जागा केलीय, राकेशशी मी काल फोनवर बोललोय. येत्या मंगळवारी तू चोर पकडून आण. मी काळा शर्ट घालीन आणि बेचाळीसच्या बेचाळीस कार्डं घेऊन तुझ्यासमोर चालेन. दारातून मला पुढं ढकल आणि म्हण, हा बघा, आणला. त्यांनी मला प्रसादवाला म्हणून ओळखलं तर मी स्वतःच नाव सांगीन. पेला फेकला तर फेकू दे, मधे पडू नकोस. मी पेटी त्यांच्या पायाशी ठेवून माफी मागणार आहे. भाऊ ती त्यांची म्हणून ऐकतील, तू तुझी म्हणून ऐक. दहा वाजता टिटवाळा स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर उभा राहीन, तू येईपर्यंत. पकडून आणलेल्या चोराला हातभार लावणं शोभत नाही हे मला कळतं, पण ट्रंक जड आहे आणि त्यांच्या लिफ्टला वीज नसते. जिन्यात दुसऱ्या बाजूची कडी तुलाच धरावी लागेल.

तुझाच, अजून असेन तर,
धोंडीबा