चार ठोक्यांनंतर

दि. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपला बँड येतोय. हो, तोच. येत्या शनिवारी, माझ्या घरामागच्या मैदानात. दोन तिकिटं आणून कपाटात ठेवलीत आणि येता-जाता उघडून बघतो. बायको म्हणते, लग्नातसुद्धा इतका खुलला नव्हतास. काल लिफ्ट दुरुस्त करताना पान्याने असा ताल धरला की आत अडकलेल्या आजोबांनी सुनावलं, आधी दार उघड.

शेवटी ते आपलंच गाणं वाजवतात म्हणे. मामाने रेडिओवरून टेप केलेलं आणि ड्रमच्या चार ठोक्यांवर कॅसेट संपल्याने अर्धवट राहिलेलं. पुढचं ऐकायचं ते दोघांनी मिळून, तेही बँडसमोर, ही शपथ मी अजून पाळतोय. हॉटेलात ते लागलं की जेवण टाकून बाहेर पळतो. आता ये बाई.

लोभ असाच ठेव, आणि शनिवार मोकळा.
तुझा,
ढोलक्या

दि. ४ मार्च

चि. ढोलक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वॉर्डातच वाचलं आणि इतकी हसले की पेशंट घाबरले. शपथ मीही पाळते रे. बसमध्ये ते लागलं की कानात बोटं घालते, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

पण माझ्या जोडीची नर्स पाय मोडून घरी बसलीय. शनिवारी वॉर्ड माझ्याच गळ्यात आहे. फार वाईट वाटलं, रडूनही घेतलं. तू जा. शपथेतून तुला मोकळं केलं. चार ठोक्यांनंतर काय होतं ते नीट ऐक आणि मला सगळं लिही.

बायकोला घेऊन जा, आणि माझ्या वाटचं नाचून घे.
तुझी,
ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काय सांगू तुला. पहिली गिटार वाजली आणि छातीत धडधडायला लागलं. गायकाचं पोट सुटलंय, केस गेलेत, पण त्याने उडी मारली आणि मला रडूच फुटलं.

मग आपलं गाणं आलं. तीन ठोके ऐकले. चौथ्याला दोन्ही बोटं कानात घातली आणि लहानपणी आपण जुळवलेला शेवट बेंबीच्या देठापासून ओरडू लागलो. तोच, तुझी लांबलचक तान आणि माझा पिठाचा डबा. ड्रम पायांतून वर येत होता म्हणून उड्याही मारल्या. शेजारच्या बाईंनी दया येऊन कापूस दिला. बायकोने सगळं ऐकलंय. ती तोंड उघडते आणि मी खोलीबाहेर पळतो.

तू मोकळं केलंस खरं, पण तुझ्याशिवाय नकोच वाटलं गं.

पुढच्या महिन्यात ते तुझ्या गावात आहेत. आजच रजेचा अर्ज टाक. बाकी भेटीत.
तुझा,
ढोलक्या

दि. १५ मार्च

चि. ढोलक्यास,
अनेक आशीर्वाद.

वेडा आहेस. पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले.

रजेच्या अर्जात कारण म्हणून घरगुती काम लिहिणार होते. मग खरं तेच लिहिलं, भावासोबत एका गाण्याचा शेवट ऐकायचा आहे. मेट्रनबाईंनी अर्ज दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाल्या, "पुढे उभ्या राहा. मागे नीट ऐकू येत नाही."

तेव्हा ये. एकच धाकधूक आहे. इतकी वर्षं थांबलो आणि त्यांचा शेवट फिका निघाला तर? तसं झालंच, तर तिथेच उभं राहून आपला म्हणायचा, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

घसा जपून ये. वाट बघतेय.
तुझी,
ताई