ओल्या हातानं केलेली सही

प्रिय मुंगे,

प्रिय लिहिलंय खरं, पण आत्ता समोर असतीस तर आधी दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या. बँकेनं मला लोन नाकारलं. पगार कमी पडतो, वय जास्त झालं, पुढच्या वर्षी या, असलं काही सांगून नाही. त्या टायवाल्या साहेबानं माझा अर्ज दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला, गिऱ्हाइकानं वास येणारा कोंबडीचा तुकडा परत सरकवावा तसा, आणि म्हणाला, बाई, तुम्ही थकबाकीदार आहात. मी? आयुष्यात कुणाचा चहासुद्धा उधार प्यायले नाही. म्हटलं, नीट बघा, दुसरी कुणी असेल. त्यानं कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडे फिरवलं. नाव माझंच, सही माझीच आणि कर्ज तुझ्या नवऱ्याच्या टेम्पोचं. मी जामीनदार. पहिल्या वर्षी भरले तेवढे हप्ते, पुढे सगळा ठणठणाट. बँकेच्या नोटिसा म्हणे माझ्या नावानं तुमच्या पत्त्यावर येत होत्या. म्हणजे एकतर त्या तू दडवल्यास, नाहीतर त्यानं चुलीत घातल्या.

साहेब वर मला शिकवायला लागला, की सही करण्याआधी वाचायचं असतं. मी मूठ आपटली. टेबलावरच्या काचेचे चार तुकडे झाले, त्यातला एक माझ्या तळहातात शिरला. वॉचमन मागून येऊन मला आवळायला गेला. बावीस वर्षं कोंबड्या तोडणारं कोपर आहे माझं. त्याच्या बरगडीत बसलं तसा तो खालीच बसला आणि आईचं नाव घेऊन रडायला लागला. वाईट वाटलं, गरीब माणूस तो. साहेब मात्र खुर्चीच्या मागे जाऊन पोलीस, पोलीस करत होता. मग आतून मॅनेजरबाई आली. पांढरे केस, चष्मा, अंगानं काडी. तिनं मला तिच्या खोलीत नेऊन बसवलं, स्वतःच्या रुमालानं माझा हात बांधला आणि म्हणाली, काच आधीच तडकलेली होती असं मी लिहून टाकते, पण पुन्हा असं केलंत तर मीच आत टाकीन. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती शेवटी लिहिते. आधी माझं होऊ दे.

सही कशी घेतली ते आठवतं ना तुला? सुट्टीचा दिवस, दुकानात ही गर्दी, ठोकळ्यावर माझे हात मनगटापर्यंत रक्तात, आणि तुम्ही दोघं जोडीनं आलात. त्याला माहीत होतं मी त्या वेळी मान वर करत नाही. म्हणाला, अक्का, टेम्पोच्या कागदावर साक्षीदार म्हणून एक सही, दोन मिनिटांचं काम. मी चौथीत शाळा सोडलेली, एक ओळ वाचायला मला दोन मिनिटं लागतात, आणि पुढं अकरा गिऱ्हाइकं ओरडत होती. मी हात एप्रनला पुसले, नीट पुसले नाहीत, आणि सही केली. कागदावर थेंब पडू नये म्हणून कागद तू धरला होतास. तू बारावी शिकलेली. तुझ्या फीसाठी मी पंख सोलले, पाय तोडले, आतडी उपसली. मुंगे, तू तो कागद वाचला होतास. तुझा चेहरा कसा होता ते मला आत्ता, सात वर्षांनी, बँकेच्या खुर्चीत आठवलं. तू माझ्याकडे बघतच नव्हतीस.

तरीही सगळा दोष तुझ्यावर टाकला तर जीभ झडेल माझी. मी वाचलं असतं तरी बहुतेक सही केलीच असती. त्याच्या आधी दोन महिने तू माझ्याकडे आली होतीस ना, पिशवी घेऊन, डाव्या कानातून पाणी आणि रक्त गळत होतं तेव्हा. तेव्हापासून तो कान गेला, कुणी बोलायला लागलं की तू मान तिरकी करतेस. त्याला लोक लाडात येणं समजतात, मला माहीत आहे ते काय आहे. दुकानाच्या वरची माझी ती खोली, एक पलंग, एक स्टो आणि भिंतीला लागून कोंबड्यांचे रिकामे पिंजरे. एकटी बाई म्हणून भाड्यानं दिलेली. सकाळी घरमालकीण दारात कमरेवर हात ठेवून उभी, म्हणे दुसरं डोकं दिसलं तर दोन्ही डोकी रस्त्यावर. आणि मी काय केलं? मी तिच्यावर सुरा उगारला नाही. मी तुला म्हटलं, नवऱ्याचा राग आहे, निवेल, जा. तू पायरीवर बसलीस, हललीच नाहीस, तेव्हा मी तुला एक चपराकही मारली. चांगल्या कानाच्या बाजूला मारली नाही एवढीच काय ती माझी माया. बाप आईला मारायचा तेव्हा मी तुला पाण्याच्या रिकाम्या पिंपात घालून वर झाकण ठेवून त्यावर बसायचे, आणि मोठेपणी मीच तुला हाताला धरून मारणाऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. मग तो कागद घेऊन आला तेव्हा वाटलं, टेम्पो आला, धंदा लागला, की हात आवरेल. मी सही नव्हती केली, तुझ्यासाठी लाच दिली होती. लाच खाऊनही तो मारतच राहिला.

त्या दिवसापासून मला घर हवं होतं. लोकांना वाटलं बाईला म्हातारपणाची काळजी. दुकानाचा मालक हसायचा, म्हणायचा, अगं तुला एकटीला दोन खोल्या कशाला, एकीत बसून दुसरीला शिव्या देणार का? तरी त्यानं बँकेसाठी चिठ्ठी दिली. मी रोजंदारीची, कुठल्या कागदावर माझं नाव नाही, म्हणून पगाराचा दाखला मागितला तर त्यानं दुकानाच्या पावतीवर लिहून दिलं, ही बाई बावीस वर्षं माझ्याकडे आहे, हाड न फोडता तोडते. टायवाल्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि बाजूच्या दोघी हसल्या. हसू दे. खरं आहे ते.

खोल्या मी पाहून ठेवल्यात. एक रिटायर झालेली नर्सबाई आहे, लेकीकडे निघालीय, तिच्या. तिसरा मजला. ओटा तुझ्या उंचीचा आहे, माझ्या नाही. नळाला धार अशी की भांड्यातला चमचा उडतो. आतल्या खोलीत पलंग लावला की डोकं भिंतीकडे येतं आणि तुला डाव्या कुशीवर झोपता येतं, म्हणजे चांगला कान वर राहतो. दाराला आतून दोन कड्या आहेत, एक वर, एक खाली. मी नर्सबाईला बाहेर उभं करून दार ढकलायला लावलं, खांदा मारायला लावला. बिचारी म्हणाली, अहो घर घेताय की तुरुंग? दार हललं नाही. मी त्याच दिवशी तिच्या हातात बयाणा ठेवला.

बँकेतून बाहेर पडले ती सरळ टेम्पोच्या अड्ड्यावर गेले. तुझा नवरा टेम्पो धूत होता. लेकरासारखं चोळत होता बोनेट. मी हप्त्यांचं विचारलं तर हसला. म्हणाला, अक्का, तुला घर कशाला, मसणात जागा फुकट मिळते. मी चाक खोलायचा पाना उचलला आणि पुढचे दोन्ही दिवे फोडले. मग काच. मग त्यानं माझा अंबाडा धरून मला खाली ओढलं आणि कमरेत लाथ घातली, एक नाही, तीन. बाकीचे टेम्पोवाले विड्या ओढत बघत होते. तिसऱ्या लाथेला मला कळलं, की तू हे नऊ वर्षं खातेस. मी उठले आणि त्याच्या उजव्या मनगटावर पाना घातला. हाड तुटल्याचा आवाज मला अनोळखी नाही. तुला त्यानं सांगितलं असेल पाय घसरला म्हणून. पाय घसरला नाही. मी तोडलं. पोलिसांत तो जाणार नाही, बायकोच्या म्हाताऱ्या बहिणीनं हाड मोडलं म्हणून सांगायला त्याची जीभ वळायची नाही. मला लाज वाटत नाही. मी रात्री झोपले, चांगली झोपले. फक्त एक गोष्ट सलते, की आत्ता तू त्याच्या शेजारी बसून त्याला घास भरवत असशील.

आता मॅनेजरबाईचं. ती म्हणाली, तुमचं नाव खराब झालंय, ते धुऊन निघायला वर्षं जातील. पण घरात दुसरं कुणी आहे का, पक्क्या नोकरीचं, पगार बँकेत येणारं, कर्ज न घेतलेलं? मी म्हटलं, आहे, माझी बहीण. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, नऊ वर्षं एक खाडा नाही. टेम्पो नवऱ्याच्या नावावर आणि जामीन मी, त्यामुळे त्या कर्जात तुझं नाव कुठंच नाही. बाईनं खात्री केली नाही, पण म्हणाली, कागद घेऊन आली तर मी स्वतः बघते. म्हणून ही तीन रात्री जागून लिहिलेली चिठ्ठी तुझ्या घरी न धाडता कारखान्याच्या फाटकावरच्या बाईकडे देते आहे. घर तुझ्या नावावर घ्यायचं. एकट्या तुझ्या. माझी सगळी शिल्लक मी नर्सबाईला देते, हप्ता निम्मा तू, निम्मा मी, पण कागदावर मी नको. उद्या मला बाहेर काढलंस तरी मी पायरीवर बसेन, भांडणार नाही. अट एकच, तो त्या दारात येणार नाही, आजारी म्हणून नाही, रडत म्हणून नाही, पाया पडायला म्हणूनही नाही. त्याचं प्लास्टर सहा आठवडे आहे, त्यातला एक गेला. डाव्या हातानं तो तुला मारेल, पण दार अडवून धरता येणार नाही. पगाराच्या सहा चिठ्ठ्या, ओळखपत्र आणि अंगावरचे कपडे, एवढंच घेऊन नीघ. बँकेनं मला नाकारल्याचं कळल्यापासून नर्सबाई थांबायला तयार नाही, शनिवारी दुसऱ्या गिऱ्हाइकाला खोल्या दाखवणार आहे. शुक्रवारी तुझी जेवणाची सुट्टी संपायच्या आत दुकानात फोन कर. मालकानं उचलला तर त्याला सांग, हो किंवा नाही. बघते, कळवते, विचार करते, असलं काही म्हणालीस तर मी नाही समजेन. पण शुक्रवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.

तुझीच,
अक्का