हात लावून पाहिलं

शॅनन, गुरुवार

प्रिय मॅलकीकाकांना,

फिंटनचा नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? अॅट्रॅक्टाकाकूंच्या कोंबड्या अंडी देतायत ना? अकरा महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. (फाडायचंच असेल, तर निदान वाचून फाडा.) तुमचा राग मला ठाऊक आहे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही विमानाच्या पंखाच्या तपासणीच्या कार्डावर 'हात लावून पाहिलं, ठणठणीत आहे' असं लिहिलंत, आणि मी, तुम्हीच शिकवून तपासनीस केलेला पुतण्या, 'पुस्तकातले प्रमाण शब्द वापरावेत' असा शेरा मारून ते परत केलं. तेही केक कापायच्या आधी!

आता माझी फजिती ऐका. सोमवारी ऑडिटला फ्राउके नावाच्या एक डच बाई आल्या. म्हणाल्या, तुमच्या कार्डांवर जागोजागी 'सर्वसाधारण पाहणी' लिहिलंय, तिची प्रमाण व्याख्या शुक्रवारपर्यंत दाखवा. झालं! मी कपाटं उपसली, दोन उंदीर आणि तुमची हरवलेली टोपी सापडली, व्याख्या नाही. बाईंना घेऊन स्टोअर सांभाळणाऱ्या कॉन्सेप्टाकडे गेलो, तर ती म्हणाली, "त्यात काय डोंबलाची व्याख्या? मॅलकी करायचा तशी!" इंजिनवाले तेच म्हणाले, रंगवालेही तेच. बाईंनी ते वहीत नीट उतरवून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "हे मॅलकी कुठल्या सालची आवृत्ती?" मी पोट धरून हसलो, आणि हसता हसता रडायलाच लागलो, काका. टॉर्च दातांत धरून तुम्ही पंखाखाली सरकायचात, पत्र्यावरून तळवा फिरवत गुणगुणायचात (बेसूर, पण ते असो), आणि मग माझा हात धरून त्याच जागी ठेवायचात. आता इथे कुणी गुणगुणत नाही. फार चुकल्यासारखं वाटतं.

व्याख्या काल सापडली. ज्या पुस्तकाचा धाक मी तुम्हाला घातला, त्यातच होती: हात पोचेल इतक्या अंतरावरून केलेली पाहणी. म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही करत होतात तीच. त्या दिवशी शेरा मारताना मी पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. चुकलो, काका.

तुमचा,
फिंटन

ता. क. व्याख्या आज सकाळी दिली, बाई खूश आहेत, सगळं मिटलं. तेव्हा तुम्ही मुद्दाम किलरशहून यायची काही गरज नाही.

ता. क. २. तुमच्या कार्डावरचा माझा शेरा मी खोडलाय. पण खोडलेल्या जागेशेजारी कार्ड लिहिणाऱ्या मूळ माणसाचीच सही लागते, तीही हँगरमध्ये, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते विचारू नका. मीच केलाय. या.