वीस मिनिटांचा पेपर

४ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७.४०.
उल्हासनगरला शेठच्या दुकानात ॲम्प्लिफायरची वायर सोलत असताना मेल आला. अंबरनाथच्या एका कॉलेजात संगणक-संगीताची परिषद आहे. 'आपला पेपर स्वीकारला आहे. शनिवार, १४ मार्च, सकाळी ११. वेळ २० मिनिटे.' (मेलमध्ये 'स्विकारला' असं ऱ्हस्व होतं. इथे दुरुस्त केलं.) वाचता वाचता वायर आरपार कापली गेली. शेठ म्हणाले, साई, नींद में है क्या.

मी फक्त अर्ज केला होता. तोही माझ्या मित्राने, करणने, इंग्रजीत भरून दिला. भजनात माइक शिट्टी मारतो ती ओळखून दाबणारा प्रोग्रॅम मी बनवला आहे, एवढंच त्यात होतं. त्यासाठी पेपर द्यावा लागेल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बारावी नापास होऊन आठ वर्षं झाली. घाबरलो नाही. मेल फक्त अकरा वेळा वाचला.

५ मार्च.
बाबांना सांगितलं. ते म्हणाले, संतोषमामाने कंपनीत स्टोअरच्या नोकरीसाठी शब्द टाकलाय, सोमवारी १६ तारखेला हजर व्हायचंय, त्याचं काय. म्हणालो, पेपर चांगला गेला तर आवाजाच्याच कामात राहणार. नाही गेला तर कंपनी. प्रतिभाताई म्हणाली, मग कंपनीत न्यायचा डबा आत्ताच आणून ठेवू का.

६ मार्च.
निश्चय: रोज पहाटे पाचला अभ्यास. सिलॅबस मिळत नाही. वीस मिनिटांचा आहे म्हणजे ऑब्जेक्टिव्हच असणार. निगेटिव्ह मार्किंग असलं तर? ते कोणाला विचारायचं?

७ मार्च.
साडेआठला उठलो. झोप झाली तर डोकं चालतं.

९ मार्च.
चामटोलीच्या भजनात प्रोग्रॅम लावला. शिट्टी एकदाही आली नाही. गोदूमावशी म्हणाली, बरा हाय रं तुझा कम्प्युटर, आज माझाच टाळ मला ऐकू आला. आनंद होणार होता, पण प्रॅक्टिकलला मार्क असतात की नाही, तेच कळत नाही.

१२ मार्च.
करणला विचारलं, हॉल तिकीट कधी येतं. खूप वेळ हसला. म्हणाला, भाई, लॅपटॉप आण, फोन आण, बिनधास्त दाखव सगळं, कोण अडवतंय. म्हणजे कॉपी. बारावीलाही बिनधास्त म्हणूनच चिठ्ठी दिली होती. चिठ्ठी भूगोलाची निघाली, पेपर अर्थशास्त्राचा. मी फोन ठेवला.

१४ मार्च, सकाळी ८.१५.
रात्रभर डोळा लागला नाही. पॅड, पट्टी, चार निळी पेनं, पारदर्शक बाटली घेतली. लॅपटॉप कपाटात, मोबाइल ताईकडे. नियम म्हणजे नियम. ताईने दही-साखर दिली. सोनिवलीच्या रिक्षा स्टँडपर्यंत बाबा स्वतः आले. तयारी पूर्ण आहे.

१४ मार्च, दुपारी २.
बाकांवर नंबर नव्हते. तेव्हाच शंका यायला हवी होती. माझं नाव पुकारलं आणि थेट स्टेजवर बोलावलं. तोंडी परीक्षा असेल असं वाटलं. माइकवर म्हणालो, मला प्रश्नपत्रिका मिळालेली नाही. हॉल हसला, टाळ्याही पडल्या. अध्यक्ष माधवी मॅडम म्हणाल्या, छान सुरुवात केलीत, आता पेपर वाचा. म्हणालो, दिलात की वाचतो. या वेळी कोणी हसलं नाही.

मॅडमनी माइकवर हात ठेवला आणि हळूच सांगितलं की इथे पेपर म्हणजे आपण केलेलं काम लोकांना सांगायचं. राहू दे, म्हणाल्या, प्रोग्रॅमच दाखवा, आम्हाला तोच ऐकायचाय. लॅपटॉप कुठे आहे?

म्हणालो, परीक्षेला आणायची परवानगी नसते.

उरलेला वेळ पुढच्या माणसाला दिला. ऐकायला आलेला करण बाहेर भेटला. म्हणाला, अरे येड्या. आणि माझं पॅड स्वतःच्या हातात घेतलं. मला वाटतं, त्यालाही वाईट वाटलं.

१४ मार्च, संध्याकाळ.
बाबांनी विचारलं, पेपर कसा गेला? म्हणालो, एकही उत्तर चुकलं नाही, वेळही उरला. ते म्हणाले, मग सोमवारी जायचं नाही ना? मी जेवायला बसलो.

१६ मार्च, सोमवार.
कंपनीत हजर झालो. मशीनची धडधड कान फाटतील एवढी होती. संतोषमामाने कापूस दिला. म्हणाला, कानात घाल, इथे सगळेच घालतात. घातला. मामा पुढे बराच वेळ काहीतरी समजावत होता. मी मान हलवत राहिलो.