जॅक उचलतो, घोडी धरते

उचगाव,
गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय ऋतू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरात सगळे बरे आहेत. फोन का नाही केला म्हणशील. फोन केला की तू 'हां आक्का, बरं आक्का' म्हणतोस आणि गिऱ्हाईक आलंय असं सांगून ठेवून देतोस. तुझ्याकडे खरंच एवढी गिऱ्हाइकं येत असती, तर दोन वर्षांत कुरुंदवाडात तुझी चार गॅरेजं झाली असती. पत्राला असं टाळता येणार नाही. हे पत्र वाचून संपवेपर्यंत समोरून उठायचं नाही, असं मी वर्षाराणीला बजावून ठेवलंय आणि तुझी बायको माझं ऐकते.

तिनंच मला सगळं सांगितलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर तू गॅरेजची चावी त्या टायरवाल्याच्या हातात देणार आणि कुणाच्या तरी ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जाणार. "आक्का, त्यांचा सोताच्या हातावरचा इस्वासच उडालाय," म्हणाली आणि फोनवर रडायला लागली. गाडी वर उचलायची वेळ आली की तू म्हणे काहीतरी निमित्त काढून रस्त्यावर जाऊन उभा राहतोस. दहावीचा निकाल लागायच्या आधीपासून तू गाड्यांखाली झोपतोस. आई जेवायला हाका मारून थकायची आणि गाडीखालून नुसते दोन पाय हलायचे. तो माणूस रस्त्यावर उभा राहून दुसऱ्याला गाडी उचलायला लावतो, हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. दसऱ्याला महिनासुद्धा उरला नाही, म्हणून आज अंगणवाडीतून आल्या आल्या लिहायला बसले आहे.

तुझ्या दाजींचं सांगते. गुडघा काही वाकत नाही. कारखान्यात त्यांना आता स्टोअरला बसवलंय. खुर्चीवर बसून ते नटबोल्ट मोजतात आणि घरी येऊन सांगतात की आज सगळे बरोबर भरले. अपघातापासून व्हॅन तशीच अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या महिन्यात एका रविवारी त्यांनी आपण होऊन ताडपत्री ओढून काढली. टायर बसलेले, आत उंदरांनी संसार थाटलेला. मला वाटलं आता विकायचं काढतील. तर म्हणाले, "हिला मीच चालू करणार. तू जॅक बघून आण." मी म्हटलं, मला वांगी दाबून बघता येतात, जॅक कसा बघू. तर म्हणे, "तसाच बघ की." त्यांना दुकानात उभं राहवत नाही हे खरं. पण जॅक आणायला त्यांनी मलाच का पाठवलं, ह्याचा विचार मी बसमध्ये बसल्यापासून करत होते.

शाहूपुरीत एका गल्लीत लालासाब म्हणून म्हाताऱ्या चाचांचं अवजारांचं दुकान आहे. मला वाटलं होतं, जॅक म्हणजे जॅक, एक द्या म्हणायचं आणि पिशवीत घालायचं. चाचांनी मला स्टुलावर बसवून माझी परीक्षाच घेतली. गाडी कुठली, वजन किती, टायर बसल्यावर खाली जागा किती उरती. "अंगणात फरशी हाय का माती?" मी म्हटलं माती. मग त्यांनी तो चाकांचा, लांब दांड्याचा ट्रॉली जॅक बाजूला सारला. "ह्यो राजा माणूस हाय वहिनी, पर मातीत रुततोय. खाली जाड फळी टाकली तरच." गाडीच्या डिकीत असतो तो कात्रीसारखा दुमडणारा जॅक दाखवून म्हणाले, हा रस्त्यात टायर बदलण्यापुरता, ह्याच्या जिवावर कुणी गाडीखाली जाऊ नये. मग बाटलीसारखा बुटका तेलाचा जॅक काढला, तुझ्याकडे असायचा तसला. मी तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

चाचांच्या नजरेतून ते सुटलं नाही. मी सांगून टाकलं की असलाच जॅक होता, माझ्या भावानं दिलेला, आणि गाडी वर असताना तो खाली बसला म्हणून माझ्या मालकांचा पाय गेला. दोन वर्षं घरीदारी जे वाक्य ऐकत आले तेच मी पाठ म्हटल्यासारखं म्हटलं. म्हाताऱ्यानं च्यक् करून जीभ वाजवली. मग म्हणाले, "वहिनी, जॅक बसणारच. आज न्हाई तर पाच वर्सांनी. आतलं वायसर म्हातारं हुतंय, तेल सोडतंय, त्यात कुनाचा गुना न्हाई. जॅक उचलायला असतोय, धरायला न्हाई. धरायला घोडी." आणि टेबलाखालून लोखंडाच्या तीन पायांच्या दोन घोड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. गाडी उचलली की खाली ह्या सारायच्या, जॅक हलका सोडून वजन ह्यांच्यावर बसवायचं, दोन्ही हातांनी गाडी ढकलून बघायची आणि मगच माणसानं खाली जायचं. एवढं सांगून त्यांनी सहज विचारलं, "तवा घोड्या कुठं हुत्या?" पुन्हा येते म्हणून मी उठले आणि काहीही न घेता घरी आले.

घोड्या होत्या रे आपल्याकडे. तुला ठाऊकच आहे, तूच दिल्या होत्यास. आम्ही व्हॅन घेतली तेव्हा तू स्वतःच्या हातातला जॅक दाजींना दिलास, "नवा नगो, ह्येचा सोभाव मला म्हाईत हाय" म्हणालास, आणि त्याच्या जोडीला जाड पाइप कापून दोन घोड्या वेल्डिंग करून आणल्यास. हिरवा रंग दिलेल्या. दाजींना अंगणात बसवून तू चारदा सांगितलंस की घोड्या लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. पण अपघात झाल्यावर गल्लीतल्या सात-आठ जणांनी व्हॅन हातांनी उचलून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा सगळ्यांनी बसलेला जॅक पाहिला आणि जॅक कुणाचा एवढंच विचारलं. घोड्यांचं कुणाच्या मनातही आलं नाही. तूसुद्धा कधी विचारलं नाहीस. विचारलं तर आपण दाजींवर ढकलतोय असं दिसेल, म्हणून गप्प राहिला असशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे, मार खाशील पण दुसऱ्याचं नाव सांगणार नाहीस.

त्या वर्षीची भाऊबीज मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. तू दारात उभा होतास, हातात पेढ्यांचा पुडा, आणि सासूबाई उंबऱ्यावर आडव्या. "ह्येच्या भंगार जॅकनं माझ्या ल्योकाचा पाय खाल्ला. ह्याला कसलं ववाळतीस?" मी ताट घेऊन त्यांच्या मागे उभी. निरांजन पेटवलेलं होतं. मी एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. तू पुडा उंबऱ्यावर ठेवलास, "आक्का, येतो" म्हणालास आणि गेलास, आणि मी ताट आत नेऊन ठेवलं. पुढच्या भाऊबीजेला तू आलाच नाहीस.

सासूबाई वाईट नाहीत. एकुलत्या एका लेकाचा पाय गेला की बाई कुणावर तरी राग काढणारच. पण रोज भाकरी थापताना, पाहुणे आले की, गौरीच्या जेवणाला पंगतीत, त्या तुझं नाव घेऊन बोलतात आणि मी मान खाली घालून वाढत राहते. ऋतू, ह्या घरात माझा जीव गुदमरतो. कुणी मला डांबून ठेवलेलं नाही, दारं सताड उघडी आहेत, मी नोकरीला जाते, बाजारहाट करते, सणाला नवी साडी नेसते. तरी दोन वर्षं मला वाटतं की ती व्हॅन माझ्याच छातीवर बसली आहे. त्यात तुझे दाजी. ते कधीच काही बोलत नाहीत. सासूबाई सुरू झाल्या की उठतात, काठी घेतात आणि अंगणात जातात. जाताना एकदा माझ्याकडे बघतात. ते एकदा ओरडले असते तर मला सोसलं असतं, पण ते ओरडत नाहीत.

आता मुद्द्याचं लिहिते. त्या वर्षी खंडेनवमीला मी घरातली सगळी हत्यारं धुऊन सोप्यात पूजेला मांडली होती. पाने, हातोडी, विळा, कोयता आणि मधोमध तुझ्या हिरव्या घोड्या, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून. जॅक व्हॅनच्या डिकीत राहिला, तेवढाच पूजेतून सुटला. दसऱ्याच्या सकाळी व्हॅनचा सायलेन्सर लोंबकळायला लागला. संध्याकाळी सगळ्यांना दसरा चौकात जायचं होतं. दाजींनी शेजारून पाना आणला, जॅक लावला आणि मला म्हणाले, "अनुजा, घोड्या तेवढ्या काढून दे." मी म्हणाले, पूजा हलवायची नाही. संध्याकाळी सोनं लुटून झाल्याशिवाय हत्याराला हात लावला तर सासूबाई मला घरात ठेवतील का? कुंपणाच्या कामातला दगडी चिरा तिथं पडलाय, तो लावा, दोन मिनिटांचं तर काम. चिरा मीच उचलून आणून दिला. मलकापूरहून आलेला जांभा, पावसाळाभर बाहेर भिजलेला. जॅक बसला आणि चिऱ्याचा भुगा झाला. ते सरकत बाहेर येत होते म्हणून जीव वाचला, पाय तेवढा आत राहिला. लोक धावत येईपर्यंत मी चिऱ्याचे तुकडे कुंपणाबाहेर फेकून दिले होते, नवरा व्हॅनखाली ओरडत असताना. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "जॅक बसला," आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला वाचवलं आणि मी तुला पुढे केलं. तुझा जॅक, तुझा हात, तुझं काम, ह्यातलं काही चुकलं नव्हतं ऋतू. तू सांगितलेलं ऐकलं असतं तर आज ते काठीशिवाय चालले असते. आज संध्याकाळी हे पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, दाजींच्या समोर, आणि मगच टपालाच्या पेटीत टाकणार आहे. त्या मला काय म्हणतील ते म्हणू देत. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे. पण त्या टायरवाल्याला आजच्या आज नाही म्हणून सांग. चूक माझी आहे, तिच्यापायी तुझं गॅरेज जाता कामा नये.

तुझीच,
दोन वर्षं गप्प बसलेली आक्का