गैरहजेरीचा ठराव

प्रिय अँब्रोज,

माझ्या फिलिडाच्या, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला चार घरांवरून पत्र लिहायची वेळ यावी, याचं मला हसू येतंय. पण बेल वाजवली की तू घरात नसल्यासारखा गप्प बसतोस, ते आता मला पाठ झालंय. म्हणून हे दाराच्या फटीतून आत सरकवते. निदान पायपुसण्यावरून उचलशील तरी.

काल आपल्या गावच्या पॅरिश कौन्सिलची सभा झाली आणि शेवटचा विषय तुझा होता. सहा महिने सभेला न फिरकलेल्या सभासदाची जागा जाते, आणि गैरहजेरी कौन्सिलने मंजूर केली तरच राहते, हा नियम तूच नव्यांना समजावून सांगायचास. तुझे सहा महिने येत्या रविवारी भरतात.

जूनची संध्याकाळ होती, संपायचं नावच घेत नव्हती. हॉलच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, कापलेल्या गवताचा वास आत येत होता. एक पाकोळी आत शिरून तुळयांखाली घिरट्या घालायला लागली. बसथांब्याच्या गळक्या छपरावर चर्चा चालली होती, पण सगळ्यांच्या माना वर. मी अध्यक्ष, मी खरं तर दटावायला हवं होतं. पण मला वाटत होतं, आत्ता मागच्या रांगेतून फिलिडाच्या विणायच्या सुयांचा आवाज येईल. गावकऱ्यांनी बोलायची पंधरा मिनिटं संपली तरी ही आपली बोलतच राहायची, आणि तू सभासदांच्या टेबलावरून तिला डोळ्यांनी दटावायचास. ती ढिम्म.

वसंतात कौन्सिलतर्फे पायवाटा पाहायला निघालो तेव्हाही तू नव्हतास. नदीवर धुकं इतकं खाली उतरलं होतं की हंसांच्या नुसत्या माना दिसत होत्या. तुझ्या वाट्याची नदीकाठची वाट खाजकुयलीत बुडालेली असेल असं धरून मी जाड मोजे घालून गेले, तर ती स्वच्छ. कोणीतरी विळ्याने दोन्ही बाजू कापून काढल्या होत्या. ह्युबर्ट स्टकलीने. हो, तोच, जो जन्मभर त्या वाटेच्या फाटकाला कुलूप लावत आला आणि तू जन्मभर ते काढायला लावत आलास. मी विचारलं तर म्हणाला, डुकरांना अडचण होत होती. तिथे डुकरं कुठली आलीत?

तर काल तुझा विषय निघाला. आपला क्लार्क नॉरिस लेखणी सरसावून म्हणाला, कारण नोंदवावं लागेल. तू एका ओळीची चिठ्ठी पाठवली असतीस तरी चाललं असतं. शेवटी ह्युबर्टच खेकसला, "लिही, बायको गेली म्हणून. ज्याला तेवढं पुरत नसेल त्याने बाहेर येऊन माझ्याशी बोलावं." त्याने हात वर केला. धाकट्या टॅमसिननेही केला, डोळे पुसत. लव्हेलबाई म्हणाल्या, वाईट सगळ्यांनाच वाटतं, पण गावाचं काम कोणी करायचं, आणि विरुद्ध गेल्या. उरले मी. अध्यक्षाचं एक मत, आणि मतं समसमान झाली तर आणखी एक.

दोन्ही मी तुझ्या विरुद्ध दिली, अँब्रोज. रविवारी तुझी जागा जाईल. ह्युबर्ट निघताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "सख्ख्या बहिणीचा नवरा होता तो, डॉर्कस." आज सकाळी दुकानात भेटला, तरी बोलला नाही.

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगावं, म्हणून लिहायला बसले. आणि हेही सांगायला, की ठराव मंजूर झाला असता तर तुला आणखी सहा महिने पडदे ओढून बसायची परवानगी मिळाली असती, तीही माझ्या सहीने. ती सही मला करवेना. पुढच्या आठवड्यात फलकावर रिकाम्या जागेची नोटीस लागेल. दहा जणांनी मागितली तरच निवडणूक, आणि तेवढे या गावात कधी निघालेत का? मग जागा आम्हीच भरू. इच्छुकाने, मग तो जागा गमावलेला का असेना, हॉलमध्ये यायचं, उभं राहून आपलं नाव सांगायचं, एवढंच. गावात सगळे तिला "बिचारी फिलिडा" म्हणतात. ती किती हट्टी होती, किती तिखट बोलायची, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि मला एकटीला ते सांभाळता येत नाही. मी रोज तुझ्या दारापर्यंत येते आणि परत जाते. तुझी गैरहजेरी कौन्सिलला चालली असती. मला नाही चालत.

तुझीच, आणि तिचीही,
डॉर्कस